लीड्सची घरं गिरणीमालकांनी बांधली?

रानपाखरू: कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलंय, "इंग्लंडच्या गिरणीमालकांनी कामगारांना घरं दिली, म्हणून शहरं उभी राहिली." राहवलं नाही. गिरणीमालक टायटस सॉल्टने ब्रॅडफर्डजवळ कामगारांसाठी सॉल्टेअर हे गाव वसवलं, मान्य. पण लीड्स या इंग्लंडमधल्या गिरण्यांच्या शहराची वस्ती 1801 ते 1851 मध्ये सुमारे 53 हजारांवरून 1 लाख 72 हजारांवर गेली. ती माणसं राहिली कुठे? छोट्या बिल्डरांनी, दुकानदारांनी भाड्यासाठी बांधलेल्या घरांत! शेताची लांबट पट्टी घ्यायची, पाठीला पाठ लावून दोन ओळी उठवायच्या. मागची भिंत सामाईक, खिडक्या फक्त पुढे. वारा आरपार जाणार कुठून? संडास कितीतरी घरांत मिळून एक.

खडूस_काका: त्याच बिल्डरांमुळे डोक्यावर छप्पर आलं. नाहीतर लिव्हरपूलसारखं तळघरात झोपावं लागलं असतं. 1850 पर्यंत विटांवरही कर होता. त्या मजुरीत परवडेल असं घर बांधून दाखवा, मग बोला.

मेधा_लीड्स: मी हेअरहिल्समध्ये अशाच घरात भाड्याने राहते. तीन बाजूंना शेजारी, त्यामुळे हिवाळ्यात घर ऊबदार. गल्लीत आडव्या दोऱ्या बांधून कपडे वाळत घालतो, येता-जाता चार शब्द होतात. दरवेळी "झोपडपट्टी" ऐकून वीट आलाय.

रानपाखरू: मेधाताई, तुमचं घर नंतरचं. 1866 च्या कायद्याने दर आठ घरांनंतर मोकळी जागा सोडायला लावली, संडास तिथे आले. आधीचं बघा: 1832 च्या कॉलऱ्यात लीड्समधल्या एकट्या बूट अँड शू यार्ड या वस्तीतून 75 गाड्या मैला काढला!

चाळकरी: बिल्डर तिथलाही तोच आणि इथलाही तोच! पुण्यात आमच्या इमारतीची हवा-उजेडाची डक्ट बंद करून बिल्डरने खोली काढली. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा लावावा लागतो. तक्रार केली तर म्हणे, "नकाशा मंजूर आहे."

खडूस_काका: तुमच्या डक्टचा लीड्सशी काय संबंध? 1909 मध्ये पाठीला पाठ लावलेल्या घरांवर देशभर बंदी आली, तरी लीड्समध्ये ती 1937 पर्यंत बांधली गेली. लोकांना हवी होती म्हणूनच ना?

चाळकरी: संबंध हाच, की मंजूर नकाशा! 1937 पर्यंतची घरंही बंदीआधी मंजूर झालेल्या नकाशांवरच उठली. आणि "हवी होती" काय हो? पर्याय नसला की माणूस मिळेल ते घेतो. आम्हीही घेतलंच.

मेधा_लीड्स: पर्याय नव्हता म्हणून नाही, मला आवडतं म्हणून राहते. आधी नव्या फ्लॅटमध्ये होते, तिथे भिंतींना बुरशी. कॉलऱ्याच्या काळातल्या घरांबद्दल तुमचं बरोबर असेल, पण सगळ्या घरांना एका माळेत ओवू नका.

खडूस_काका: बरं, श्रेय गिरणीमालकांचं नाही, एवढं मानतो. पण गटारं नव्हती, यात बिल्डरचा काय दोष? ते काम नगरपालिकेचं.

रानपाखरू: आणि गटारांना खोडा कुणी घातला? घरपट्टी वाढेल म्हणून ओरडणाऱ्यांत हेच घरमालक आणि दुकानदार होते. भाडं खिशात, मैला दारात!