गळ टाकून बसलं की काय काय दिसतं? गरवणाऱ्यांचे अनुभव

खाडीकर (दाभोळ खाडी)

आठव्या वर्षी आजोबांनी बांबूच्या काठीला दोरी बांधून हातात दिली, तेव्हापासून मी गरवतोय. आज वय 56. नोकरी केली, मुलं मोठी केली, आईचं लांबलेलं आजारपण काढलं, आणि या सगळ्यात आठवड्यातून एकदा तरी पाण्याकाठी बसलोच. बायको म्हणते, मासे बाजारात मिळतात, मग रात्र रात्र जागायचं कशाला? नुसत्या माशासाठी जाणारा माणूस दोन तासांत कंटाळून घरी येतो. मी येत नाही, एवढंच उत्तर माझ्याकडे आहे.

गरवणाऱ्याचा दिवस पंचांगाने चालतो. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी पूर्ण भरलेलं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढ इतकी, की जड शिसं लावूनही दोरी जागेवर राहत नाही. भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी संथ, तेव्हा खरा बसण्याचा काळ. माझ्या मुलीचा जन्म मला तारखेआधी तिथीने आठवतो: षष्ठी, पाणी उतरत होतं.

पण आज विचारायचंय ते वेगळं. अंधारात तीन-चार तास न बोलता, दोरीवर बोट ठेवून बसलेल्या माणसाला काही गोष्टी दिसतात, ऐकू येतात. गिऱ्हा (पाण्यातलं भूत), आसरा (पाण्यातल्या देवता), राखणदार हे शब्द आपल्या आज्यांनी उगाच काढलेले नाहीत. त्यांनी काहीतरी पाहिलं होतं. ते काय होतं, हे कळून घेण्यात माझं निम्मं आयुष्य गेलंय आणि त्याचं मला समाधान आहे.

माझ्यापासून सुरुवात करतो. दहा वर्षांचा असेन. रात्री होडी नांगरून बसलो होतो आणि तळाच्या फळीतून आवाज यायला लागला, टुक-टुक-टुक, मध्येच कर्र. मी रडकुंडीला आलो. वडिलांनी वल्हं पाण्यात उभं धरलं आणि वरचा दांडा माझ्या कानाला लावला. आवाज दसपट झाला. "ढोमे बोलतायत," ते म्हणाले. ढोमा आणि घोळ एकाच कुळातले मासे. पोटातल्या हवेच्या पिशवीजवळचे स्नायू थरथरवून ते ढोल वाजवल्यासारखा आवाज काढतात. घोळीची हीच पिशवी म्हणजे बोत, आणि घोळीला जो भाव येतो तो मांसापेक्षा बोतामुळे. करकऱ्याचं तर नावच आवाजावरून पडलंय, तो घशातले दात एकमेकांवर घासतो.

दुसरा अनुभव अनेकांना आला असेल. खाडीच्या तोंडाशी, काळोखात, अगदी पाठीमागे कुणीतरी मोठा उसासा सोडतं. अंगावर काटा येतो. तो गादा, म्हणजे डॉल्फिन, श्वास घ्यायला वर आलेला. एकदा ओळखला की सोबत वाटते.

तिसऱ्याचं उत्तर माझ्याकडे नाही. 1997, मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. साडेदहाला पाणी भरून थांबलेलं, वारा अजिबात नाही. नांगरलेली होडी डाव्या बाजूने सावकाश उचलली गेली, वीतभर. मग तितक्याच सावकाश खाली बसली. नांगराची दोरी खाडीच्या आतल्या दिशेला ताणली गेली आणि मी वीस मोजेपर्यंत ताणलेलीच राहिली. लाट नाही, शेपटीचा फटका नाही, श्वासाचा आवाज नाही. गादा असता तर श्वास ऐकू आला असता. मी वहीत लिहून ठेवलं आणि घरी आलो. त्या रात्री पुढे गरवलो नाही.

तुम्ही लिहाल तेव्हा आधी जागा, महिना आणि तिथी सांगा. मग जे दिसलं ते, जसंच्या तसं. तुमचा अंदाज सगळ्यात शेवटी. अंदाज आधी आला की आठवण त्याच्या मापाने बेतली जाते.

कर्लीकाठची

गरवणं पुरुषांचंच समजतात, म्हणून मी लगेच लिहायला बसले. मला आतेने शिकवलं. ओहोटीला ती मुळे, म्हणजे शिंपले, काढायची आणि पाणी चढायला लागलं की काठावर बसून गरवायची, काळुंदरं आणि शेंगटी. जागा कर्ली खाडी, कांदळवनाच्या कडेला. महिना पौष. तिथी आठवत नाही, पण चांदणं नव्हतं.

पलीकडून शीळ आली. माणसाने कुणाला बोलवावं तशी, बारीक. मग दुसरी, जवळून. आतेने माझा हात दाबला. "फाटी बघू नको. गिरो तो. पयलो मासो त्येचो." पहिला मासा तिने मागच्या खडकावर ठेवला. उठताना पाहिलं तर मासा नव्हता. पुढची कित्येक वर्षं आम्ही पहिला मासा ठेवत आलो.

पंचविसाव्या वर्षी चांदण्यात बसले असताना मी वळून पाहिलं. आतेचं ऐकलं नाही. तीन पाणमांजरं होती. एक खडकावर उभं राहून माझ्याकडे बघत होतं, मिशांतून पाणी ठिबकत होतं, आणि दुसऱ्याने शीळ घातली. सकाळी चिखलात पडदा असलेल्या बोटांचे ठसे मिळाले. विष्ठेत नुसते खवले आणि कुर्ल्यांच्या नांग्यांचे तुकडे.

धावत जाऊन आतेला सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मगे मी काय खोटा सांगलंय? थंय कोणतरी होताच मां?"

आते आता ऐंशीची आहे. मी पहिला मासा अजून ठेवते. कोण खातं ते माहीत आहे, म्हणून तर जास्तच प्रेमाने ठेवते.

उजनीवाला

आमच्याकडे खाडी नाही, भरती नाही. धरणाचं पाणी. पण विचित्र प्राणी विचाराल तर गेल्या काही वर्षांत जे गळाला लागतंय ते कुठल्याही भुतापेक्षा वाईट. पहिल्यांदा लागला तेव्हा मी हातातून टाकून दिला. अंगावर खवले नाहीत, कठीण पाट्याच, तोंड खालच्या बाजूला गोल, अंगभर वाघासारखी नक्षी. पाण्याबाहेर तासाभराने पाहिलं तरी जिवंत. शेजारचे म्हातारे गडी म्हणाले, साठ वर्षांत असलं काही बघितलं नाही.

हा सकर मासा, मूळचा दक्षिण अमेरिकेतला. घरातल्या काचेच्या टाकीत शेवाळ खायला आणतात आणि मोठा झाला की नदीत सोडून देतात. त्याचे काटे जाळी फाडतात. रूपचंदही तिकडचाच, शेततळ्यातून सुटून नदीत आलेला. त्याचा जबडा उघडून बघा, माणसासारखे दात. अंधारात टॉर्च लावून पहिल्यांदा ते दात बघितले, तेव्हा पोटात गोळा आला होता.

कळकळीने सांगतो, टाकीतला मासा नदीत सोडू नका. मरळ आणि शिंगटा गळाला लागण्याचं प्रमाण माझ्या डोळ्यांदेखत कमी झालंय.

मळेकर (राजापूर तालुका)

आमच्या विहिरीला राखणदार होता. आजीने तो पाहिला होता, तिच्या सासूनेही. काळा, लांब, पावसाळ्यानंतर कधीतरी पायरीशी दिसायचा. त्याला नागपंचमीला दूध-लाह्या. विहिरीत थुंकायचं नाही, चपला घालून उतरायचं नाही.

चौदाव्या वर्षी, आश्विनात, दुपारी कुणी नसताना मी त्या विहिरीत गळ टाकला. गांडूळ लावलं होतं. जे लागलं ते ओढताना हात कापले. वर आलं तेव्हा चार फुटांचा साप, असंच वाटलं. मग पाहिलं, डोक्यामागे दोन्ही बाजूंना इवलेसे पर होते. साप नव्हता, अहीर होता. गोड्या पाण्यातला हा मोठा मासा सापासारखा दिसतो, पण कल्ल्यांनी श्वास घेतो.

मी गळ काढला आणि त्याला परत सोडलं. आजीला सांगायचं धाडस झालं नाही. ती गेली तरी सांगितलं नाही, याची रुखरुख आहे.

नंतर वाचलं ते राखणदारापेक्षाही अचाट. अहीर जन्मतो समुद्रात. बोटभर, काचेसारखी पारदर्शक पिल्लं खाडीतून नदीत, नदीतून ओढ्यात चढतात, आणि पावसात ओल्या गवतावरून सरपटत पुढे जातात. आमच्या विहिरीपासून ओढा दोनशे पावलांवर. वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात काढून तो शेवटी अंडी घालायला पुन्हा समुद्र गाठतो आणि तिथेच संपतो. आमच्या विहिरीतून समुद्राकडे परतलेले किती असतील?

उत्तरेकडचा (अ‍ॅबर्डीन, स्कॉटलंड)

मळेकर, तुमचं वाचून राहवलं नाही. मी मूळचा हर्णैचा, कामानिमित्त बारा वर्षं इथे. सुट्टीत गळ घेऊन लॉख नेस या तळ्याला जातो. तो 37 किलोमीटर लांब आणि सव्वादोनशे मीटरहून खोल. दलदलीतल्या कुजलेल्या वनस्पतींमुळे पाणी कोऱ्या चहासारखं, हात बुडवला की कोपराखाली दिसत नाही. त्यात राहतो असं सांगतात त्या राक्षसाचा 1934 चा प्रसिद्ध फोटो म्हणजे खेळण्यातल्या पाणबुडीवर बसवलेली मान होती, हे साठ वर्षांनी उघड झालं.

2018 साली न्यूझीलंडच्या नील गेमेल यांच्या पथकाने तळ्याच्या वेगवेगळ्या खोलीतून पाणी घेऊन त्यात सापडणाऱ्या डीएनएचा शोध घेतला. सरपटणाऱ्या प्राण्याचा काही माग निघाला नाही. पण जवळपास प्रत्येक नमुन्यात कुणाचा डीएनए निघाला? ईलचा. तुमच्या अहिराच्या भाऊबंदाचा. दिसलेलं सगळं ईलच असेल असं मी म्हणत नाही. बोट निघून गेल्यावर बऱ्याच वेळाने तिच्या लाटा येऊन एकमेकींवर आदळतात तेव्हा पाण्यावर कुबडं उठतात, ती मी स्वतः पाहिलीत. पण राजापूरच्या विहिरीतला राखणदार आणि इथला राक्षस एकाच कुळातले निघावेत, याने आज घरची फार आठवण आली.

कातळावरून

मी गरवत नाही. माझा भाऊ गरवायचा.

रत्नागिरीच्या खालचा किनारा. जून, पहिला पाऊस पडून गेलेला, ऊन पडलं होतं, वारा नव्हता. तो तांबोशीसाठी कातळाच्या टोकावर गेला. नेहमीची जागा, लहानपणापासूनची. त्याची पिशवी आणि डबा मिळाले. तो तिसऱ्या दिवशी मिळाला.

गावात सगळे म्हणाले, आसरांनी नेला. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला. आता कळतं की लांब कुठेतरी वादळ झालं की त्याची लाट वारा नसतानाही किनाऱ्याला येते, आणि पंधरा-वीस मिनिटं शांत गेल्यावर एकदम तीन-चार मोठ्या लाटा येतात. त्याने जागा पाहिली असेल, कोरडा कातळ पाहिला असेल. ओला डाग किती वर गेलाय ते पाहिलं नसेल. बसण्याआधी अर्धा तास नुसतं उभं राहून लाटा बघा. एकटे जाऊ नका. एवढ्यासाठी लिहिलं.

आई दरवर्षी तिथे आसरांची ओटी भरते. आधी मी जात नसे. आता मीच तिला हात धरून नेते.

खाडीकर

ताई, वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. ओल्या डागाची खूण आमचे वडीलही सांगायचे. माझ्या दोन्ही पुतण्यांना तुमचं लिहिणं वाचून दाखवलं.

महाडकर

छोटंसं. वाळणकोंडीला, काळ नदीच्या डोहात, वरदायिनी देवीचे मासे आहेत. महसीर, म्हणजे आपले खडस, हाताएवढे आणि त्याहून मोठे. कुरमुरे टाकले की पाणी उसळतं. तिथे कुणी गळ टाकत नाही. नदीत इतरत्र जिथे मी लहानपणी खडस धरले तिथे आज एक दिसत नाही, आणि या डोहात थवेच्या थवे. अट्टल गरवणारा असूनही सांगतो, आपल्याकडे असे डोह आणखी हवेत. पालघर जिल्ह्यातल्या वाडा गावाजवळ तिळसेश्वरालाही असंच आहे.

देवगडचा

पाणी पेटलेलं तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. थंडीत, काळोख्या रात्री लाट फुटली की निळी ज्योत. नॉक्टिल्युका नावाचा एकपेशीय जीव, साध्या डोळ्यांनाही ठिपक्याएवढा दिसेल इतका मोठा. पाणी हललं की तो चमकतो. गरवताना त्याची मजा वेगळी: दोरी ओढली की दोरीच उजळते, आणि लागलेला मासा खोलातून येताना सगळा आगीने काढल्यासारखा दिसतो. शेपूट कुठे वळली तेही कळतं.

आता न समजलेलं. डोंबिवलीहून सुट्टीला आलो होतो, चुलतभावाच्या होडीत. किनाऱ्यापासून फार लांब नाही. पाण्याखाली, किती खोल ते सांगता येणार नाही, एक उजेडाचं कडं दिसलं. आमच्या होडीच्या तिप्पट रुंद. ते फिरत नव्हतं, पुढे सरकत होतं, आणि मधला भाग काळा होता. माशांचा थवा असता तर कडा तुटक दिसल्या असत्या, थवा फुटतो, जुळतो. ही कडा अखंड होती. आमच्या खालून गेलं तेव्हा होडी जराशी उचलल्यासारखी वाटली. भाऊ म्हणाला, गप बस. मी गप्प बसलो.

खाडीकर

देवगडचे, उचलली ती एका बाजूने की सगळी? महिना आणि तिथी आठवते का?

देवगडचा

भावाला फोन केला. मार्गशीर्ष वद्य एकादशी, रात्री अकराच्या पुढे, ओहोटी लागलेली. एका बाजूने. त्याचं म्हणणं, डावीकडून.