मदत हवी आहे: १२ टीबी डेटाबेससाठी सर्व्हर, एपिक की झिऑन?

रानवारा: अर्जंट आहे, सोमवारी पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायचीय. डेटाबेस १२ टीबीच्या वर गेलाय आणि वाढतोच आहे, कुणी मोठा रिपोर्ट लावला की बाकी सगळं ठप्प. व्हेंडर म्हणतो ६४ कोरचा घ्या. प्रोसेसर एएमडीचा एपिक घ्यावा की इंटेलचा झिऑन? पटकन सांगा.

खटपट्या: कुठला डेटाबेस? लिहिणं जास्त की वाचणं? रॅम किती, डिस्क कुठल्या? काहीच लिहिलं नाहीये तुम्ही.

जुनाडीबीए: ६४ कोर अजिबात नको. ओरॅकल एंटरप्राइजचं लायसन्स कोरवर असतं, एक्स८६ ला (एपिक, झिऑन त्यातलेच) ०.५ फॅक्टर, म्हणजे दोन कोरला एक लायसन्स, धरला तरी ३२ लायसन्स होतात, सर्व्हरपेक्षा तेच महाग पडेल.

रानवारा: ओरॅकल नाहीये, पोस्टग्रेस. गाड्यांचा जीपीएस डेटा, इन्सर्ट (नव्या नोंदी) दिवसभर चालूच. रॅम १२८ जीबी. डिस्क भरपूर शिल्लक आहे हो, प्रोसेसरचं सांगा ना.

मेघदूत१२: क्लाउडवर टाका, हार्डवेअरची कटकटच नको.

जुनाडीबीए: २४ तास चालणारा एवढा मोठा डेटाबेस क्लाउडवर? महिन्याचं बिल बघितलंय का कधी?

मेघदूत१२: आमचा चालतोय की व्यवस्थित.

खटपट्या: तुमचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. रानवारा, शिल्लक किती ते नाही विचारलं. डिस्क फिरत्या की एसएसडी? रेड (अनेक डिस्क एकत्र जोडायची पद्धत) कुठला? ठप्प होतं तेव्हा आयओवेट (प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसतो तो वेळ) किती?

रानवारा: ७२०० आरपीएमच्या ६, रेड ५. आयओवेट ६० टक्क्यांच्या वर.

खटपट्या: मग प्रोसेसरचा प्रश्नच नाही. रेड ५ वर एक छोटं राइट म्हणजे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत मिळवायचा हिशेब) वाचा, मग दोन्ही परत लिहा, अशी ४ ऑपरेशन्स. ७२०० ची डिस्क सेकंदाला जेमतेम १०० रँडम ऑपरेशन्स देते. ६ डिस्कचे ६०० भागिले ४, उरले १५०. कंट्रोलरची कॅश थोडं सावरते पण दिवसभर इन्सर्ट असतील तर तीही भरते. तुमचे ६४ कोर डिस्कची वाट बघत बसतील. कोर निम्मे करा, तो पैसा एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) रेड १० (पॅरिटीऐवजी डिस्कची सरळ प्रत) आणि ५१२ जीबी ईसीसी (चुका दुरुस्त करणाऱ्या) रॅममध्ये घाला. आणि डेस्कटॉपच्या एसएसडी नकोत, वीज गेली तर कॅशमधलं लिहून काढायला त्यात बहुतेक कपॅसिटर नसतात, त्यामुळे एफसिंकही (डेटा डिस्कवर पक्का लिहून घेणं) मंद. एंटरप्राइजच्याच घ्या.

सह्याद्री_लिनक्स: रेड कार्ड कशाला, झेडएफएस (डिस्क जोडणीही स्वतःच सांभाळणारी फाइलसिस्टिम) लावा. कॉम्प्रेशन फुकट मिळतं.

खटपट्या: झेडएफएसचं रेकॉर्डसाइज (एका ब्लॉकचा आकार) डिफॉल्ट १२८ केबी, पोस्टग्रेसचं पान (एका वेळी वाचते-लिहिते तो तुकडा) ८ केबीचं. ते न बदलता लावलं तर राइट्स अजून वाढतील. ज्याला झेडएफएस येतं त्यानेच करावं.

सह्याद्री_लिनक्स: एका कमांडचं काम आहे ते.

जुनाडीबीए: एक विचारू, सगळं एकाच टेबलात आहे का? ८ केबीच्या पानावर एका टेबलाला ३२ टीबीची मर्यादा आहे. महिन्यावार पार्टिशन (टेबलाचे वेगळे तुकडे) केलं असेल तर जुने महिने त्याच फिरत्या डिस्कवर राहू द्या, एनव्हीएमई फक्त ताज्या महिन्यांना लागेल.

रानवारा: एकाच टेबलात आहे. पार्टिशन करायला डेटाबेस बंद ठेवावा लागेल का? तेवढं सांगा, मग ७.६८ टीबीच्या ४ एनव्हीएमई आणि ३२ कोरचं कोटेशन मागवतो.