गेमिंग कन्सोल तापून मध्येच बंद पडतो : स्वतः उघडावा की दुरुस्तीला द्यावा?

सायंतारा

नमस्कार. माझ्याकडे पाच वर्षांपूर्वी घेतलेला एक गेमिंग कन्सोल आहे. कंपनीचे आणि मॉडेलचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाला दोष द्यायचा नसून उपाय हवा आहे. गेल्या दोन महिन्यांपासून कोणताही जड खेळ सुरू केला की वीस-पंचवीस मिनिटांत पंख्याचा आवाज पात्रांचे संवाद ऐकू येऊ नयेत इतका वाढतो, मागच्या जाळीतून येणारी हवा हात मागे घ्यावा लागेल इतकी गरम होते आणि शेवटी तापमान वाढल्याची सूचना पडद्यावर येऊन कन्सोल बंद होतो. अर्धा तास थांबल्यास तो पुन्हा व्यवस्थित चालू होतो. चित्रपट पाहताना मात्र त्याने आजवर एकदाही दगा दिलेला नाही.

हमीची मुदत संपली आहे. एका दुरुस्ती करणाऱ्याशी फोनवर बोलले, तर त्याने वस्तू न पाहताच मदरबोर्ड (आतील मुख्य सर्किट बोर्ड) गेल्याचे सांगून टाकले, म्हणून तिकडे गेले नाही. कन्सोल टीव्हीखालच्या लाकडी कप्प्यात असतो. कप्पा पुढून उघडा आणि बाकी सर्व बाजूंनी बंद आहे. मी संगणकाची कॅबिनेट उघडून रॅम बदललेली आहे, त्यापलीकडे अनुभव नाही. मागे अडकवायचे जादा पंखे घ्यावेत, आतील थर्मल पेस्ट (चिपची उष्णता पुढे पोचवणारा लेप) बदलावी, की सरळ नवा कन्सोल घ्यावा, याबद्दल जाणकारांचा सल्ला हवा आहे.

तारयंत्र

तुमच्या वर्णनातील सर्वांत उपयोगी वाक्य चित्रपटांबद्दलचे आहे. सध्याच्या पिढीतील मोठे कन्सोल जड खेळ चालवताना साधारण 200 वॅटच्या आसपास वीज घेतात, चित्रपट दाखवताना त्याहून पुष्कळच कमी, आणि घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. त्यामुळे जो कन्सोल चित्रपट विनातक्रार दाखवतो, खेळातच तापतो आणि निवल्यावर पुन्हा सुरळीत चालू होतो, त्याचा मदरबोर्ड शाबूत असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. उष्णता ज्या वेगाने तयार होते त्या वेगाने ती बाहेर जात नाही, इतकेच तूर्त खात्रीने म्हणता येते. फोनवरच्या निदानाकडे तुम्ही दुर्लक्ष केलेत हे बरे झाले.

दुसरी जमेची बाजू म्हणजे बंद होण्यापूर्वी सूचना येते. तापमानाचा संवेदक काम करतो आहे आणि कन्सोल स्वतःला वाचवतो आहे. हाच कन्सोल जर सूचनेशिवाय, दिवा गेल्यासारखा एका क्षणात काळा पडत असता, तर मी आधी पॉवर सप्लायवर, भिंतीतील सॉकेटवर आणि एक्स्टेंशन बोर्डावर संशय घेतला असता. एक्सबॉक्स वनच्या पॉवर सप्लायमध्ये विजेच्या उसळीपासून संरक्षण देणारी सोय आतच असते, म्हणून तो थेट भिंतीतील सॉकेटला जोडावा, असे मायक्रोसॉफ्टचे सांगणे आहे. असा कन्सोल बंद पडून चालूच होत नसेल, तर तार काढून दहा सेकंद थांबून पुन्हा लावल्यावर त्याचा पॉवर सप्लाय पूर्ववत होतो. जळका वास आला किंवा तारेचे टोक गरम लागले, तर मात्र कोणताही प्रयोग न करता तार काढावी. 2005 मध्ये मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सच्या सुमारे 1 कोटी 41 लाख वीजतारा बदलून देण्याचे जाहीर केले होते, ते आग लागण्याच्या धोक्यामुळेच.

तुमच्या बाबतीत माझा पहिला संशयित तो कप्पा आहे. तीन बाजूंनी बंद असलेल्या जागेत कन्सोलने मागून फेकलेली गरम हवा लाकडावर आपटून फिरून पुढे येते आणि तीच पुन्हा आत ओढली जाते. प्लेस्टेशन 5 आणि निन्टेंडो स्विच यांच्यासाठी उत्पादकांनी सभोवतालचे तापमान 5 ते 35 अंश सेल्सियस असावे असे ठरवून दिले आहे, आणि येथे सभोवताल म्हणजे खोली नव्हे, कन्सोल ज्या हवेत बसला आहे ती हवा. खोलीत 28 अंश असताना कप्प्यात सहज 40 अंश होऊ शकतात.

म्हणून काहीही उघडण्यापूर्वी आणि काहीही विकत घेण्यापूर्वी कन्सोल कप्प्यातून काढून उघड्या टेबलावर ठेवा, भोवती वीतभर जागा मोकळी सोडा, नेहमी बंद पडतो तोच खेळ त्याच ठिकाणापासून सुरू करा आणि किती मिनिटांनी सूचना येते ते लिहून ठेवा. नंतर तार काढून, पूर्ण निवल्यावर, बॅटरीचा झोत जाळीतून आत टाकून काय दिसते तेही कळवा. खेळांची जतन केलेली प्रगती या आधीच क्लाउडवर चढवून घ्या, किंवा तुमचा कन्सोल परवानगी देत असेल तर पेन ड्राइव्हवर. प्लेस्टेशन 4 वर तशी सोय आहे, प्लेस्टेशन 5 च्या स्वतःच्या खेळांना ती नाही. दुरुस्तीच्या गडबडीत कन्सोल वाचला आणि तीनशे तासांचा खेळ गेला, अशी माणसे मी पाहिली आहेत.

काडीपेटी

माझ्या एका जुन्या कन्सोलला असाच त्रास होता. मी तो चालू अवस्थेत टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवला आणि मग निवू दिला, त्यानंतर तो महिनाभर उत्तम चालला. आतले निघालेले जोड उष्णतेने पुन्हा चिकटतात असे तेव्हा सगळेच सांगत असत. हीट गन असेल तर आणखी चांगले. करून पाहायला काय हरकत आहे?

तारयंत्र

काडीपेटी, हरकत आहे आणि ती महिनाभर या शब्दातच दडलेली आहे.

हा उपाय एक्सबॉक्स 360 च्या काळात फार पसरला. नोव्हेंबर 2005 मध्ये तो कन्सोल बाजारात आला आणि पुढे त्याच्या बटणाभोवतीचे तीन दिवे लाल होऊन तो कायमचा बंद पडल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै 2007 मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडापुरती हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी एक अब्ज डॉलरहून अधिक रकमेची तरतूद केली. वारंवार तापण्या-निवण्यामुळे चिपच्या आतील सूक्ष्म जोड तडकत होते, असे त्यांच्या अभियंत्यांनी पुढे स्वतःच सांगितले. टॉवेलमध्ये गुंडाळल्यावर तडकलेले जोड उष्णतेने फुगून काही दिवस एकमेकांना टेकतात, पण टेकणे म्हणजे जुळणे नव्हे. शिवाय त्या पंधरा मिनिटांत बोर्डावरचे कपॅसिटर, प्लॅस्टिक आणि डिस्क ड्राइव्ह यांचे आयुष्य घटते ते वेगळेच. हीट गनने तर शेजारचे चांगले भागही निकामी होऊ शकतात.

आणि मुख्य म्हणजे सायंतारा यांच्या कन्सोलला तो आजारच नाही. तो तापून बंद पडतो आणि निवल्यावर चालतो. जोड तडकलेल्या कन्सोलचे वागणे बहुधा याच्या उलट असते, तो थंड असतानाच नकार देतो. कन्सोल फ्रीजमध्ये ठेवून निववावा असाही सल्ला काही जण देतात, त्यालाही हाच न्याय लागू करावा. थंड धातूवर बाहेर आल्याबरोबर हवेतील बाष्पाचे थेंब जमतात, आणि ते बोर्डावर नेमके कुठे जमले हे आपल्याला दिसत नाही.

घनगर्द

मी घरचे दोन कन्सोल आणि मित्रांचे चार-पाच स्वतः साफ केले आहेत, त्या अनुभवावर लिहितो.

मागे अडकवायच्या पंख्यांवर पैसे घालवू नका. कन्सोलचा आतला पंखा आणि हवेचे मार्ग एकमेकांचा हिशेब ठेवून आखलेले असतात. बाहेरचा पंखा त्या प्रवाहाला कधी थोडी मदत करतो, कधी चक्क आडवा येतो, आणि तो कन्सोलच्याच यूएसबी सॉकेटमधून वीज घेतो. हीटसिंक, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषून हवेत सोडणारा धातूच्या पत्र्यांचा भाग, धुळीने बंद झाला असेल तर बाहेर कितीही वारा घातला तरी प्रोसेसरची उष्णता जागची हलत नाही.

साफसफाई कुठपर्यंत करायची हे मॉडेलवर ठरते. प्लेस्टेशन 5 ची बाजूची आवरणे हाताने निघतात आणि आत धूळ साठावी म्हणून मुद्दाम ठेवलेली छिद्रे आहेत, त्यांना व्हॅक्यूम क्लीनर कमी जोरावर लावला की बरेचसे काम होते. त्यापुढे मात्र नवख्याने जाऊ नये, कारण त्यात प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्या मध्ये नेहमीच्या पेस्टऐवजी द्रवरूप धातू आहे. तो वीज वाहून नेतो, त्यामुळे त्याचा एक थेंब चुकीच्या जागी ओघळला तर शॉर्टसर्किट होते, आणि ॲल्युमिनियमला लागल्यास तो त्याला पोखरतो. एक्सबॉक्स सिरीज एक्स उभा ठेवल्यावर गरम हवा वरच्या जाळीतून बाहेर टाकतो, म्हणून त्यावर रिमोट, हेडफोन, फुलदाणी असे काहीही ठेवू नये. हे सांगावे लागते, यावरून लोक काय काय ठेवतात याची कल्पना यावी.

इतर बहुतेक कन्सोल उघडायला मधोमध भोक असलेला टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीसारख्या टोकाचा) प्रकारचा स्क्रू ड्रायव्हर लागतो, अनेकदा टी 8 मापाचा. तार काढून बराच वेळ थांबा. पॉवर सप्लायचा डबा आत वेगळा दिसेल, तो कोणत्याही परिस्थितीत उघडू नका, कारण त्यातील कपॅसिटरमध्ये तार काढल्यानंतरही धोकादायक भार राहू शकतो. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढा आणि स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावून ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी पिळला तर बोर्डाला इजा होते. रिबनसारख्या चपट्या तारा ओढून काढू नयेत. त्यांची छोटी कडी आधी उचलावी लागते. माझ्या पहिल्या कन्सोलची अशी एक तार मी घाईत फाडली आणि नंतर दोन आठवडे तिच्या जागी दुसरी शोधत बसलो.

धूळ उडवताना पंख्याची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवा. हवेच्या झोताने पंखा भरमसाट वेगाने फिरला तर त्याच्या बेअरिंगला इजा होते. हीटसिंकच्या बारीक पत्र्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसलेला असतो, तो फुंकून आत ढकलण्यापेक्षा मऊ ब्रशने बाहेर ओढावा.

सायंतारा

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे कन्सोल टेबलावर ठेवून तोच खेळ खेळले. पहिल्या दिवशी 55 मिनिटांनी, दुसऱ्या दिवशी 62 मिनिटांनी सूचना आली. कप्प्यात असताना हाच आकडा 25 च्या वर कधी गेला नव्हता. बॅटरीच्या झोतात जाळीमागे राखाडी रंगाची सलग चादर दिसली, पत्रे दिसलेच नाहीत. माझ्या मॉडेलमध्ये द्रवरूप धातू नाही, साधी पेस्ट आहे, याची खात्री करून घेतली आहे. उघडायची तयारी आहे, पण एकदा उघडलाच तर पेस्टही त्याच वेळी बदलून टाकावी का?

तारयंत्र

कप्प्याने तुमची अर्ध्याहून अधिक मिनिटे खाल्ली होती, उरलेली धुळीने खाल्लेली दिसतात. या वेळी फक्त धूळ काढा, पेस्टला हात लावू नका. दोन्ही एकदम केले तर नेमका गुण कशाने आला ते कळणार नाही, आणि पेस्ट बदलण्यासाठी हीटसिंक उचलावा लागतो, जे काम नवख्या हाताला साफसफाईपेक्षा बरेच अवघड असते. धूळ काढूनही सूचना येतच राहिली, तर पेस्ट वाळली असावी असे समजून पुढचे पाऊल टाका. त्या वेळी जुनी पेस्ट किमान 90 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारे कापड वापरून पूर्ण पुसा, नवी पेस्ट वाटाण्याएवढी पुरते, आणि हीटसिंकचे स्क्रू एका बाजूने घट्ट न करता समोरासमोरचे थोडे थोडे पिळत न्या.

नव्या कन्सोलचा विचार तूर्त बाजूला ठेवा. धूळ, पेस्ट आणि पंखा हे तिन्ही झाल्यावरही तो तापतच राहिला, किंवा पडद्यावर रंगीत चौकोन, रेषा असे काही दिसू लागले, तर चिपकडे संशय वळवावा लागेल. त्या दुरुस्तीचा खर्च पाच वर्षांच्या कन्सोलवर करावा असे मी सांगणार नाही.

काडीपेटी

टॉवेलचा सल्ला मागे घेतो. तो कन्सोल महिन्यानंतर पुन्हा कधीच चालू झाला नाही, हे मी आधी लिहायला हवे होते.

सायंतारा

काल साफसफाई केली. एकूण अडीच तास लागले, त्यातला निम्मा वेळ छायाचित्रे काढण्यात गेला. हीटसिंकमधून निघालेली धूळ मुठीत मावत नव्हती. आज टेबलावरच सलग तीन तास खेळले आणि सूचना आली नाही. पंख्याचा जोरही पूर्वीच्या मानाने फारच कमी आहे. मात्र आता आवाज कमी झाल्यामुळे एक वेगळीच घरघर ऐकू येते, विशेषतः चालू केल्यानंतरच्या पहिल्या पाच मिनिटांत, आणि कन्सोल आडवा असताना ती उभ्यापेक्षा जास्त येते.

घनगर्द

बाजू बदलल्यावर आवाज बदलतो म्हणजे बेअरिंग झिजले आहे. पूर्वीच्या गोंगाटात ते ऐकू येत नसावे. पंखा लगेच थांबणार नाही, पण तो थांबण्याची वाट पाहू नका. पंख्याच्या मध्यावरील चिठ्ठीवर भाग क्रमांक आणि व्होल्टेज छापलेले असते. एकाच कन्सोलच्या निरनिराळ्या आवृत्त्यांमध्ये पंख्याच्या तारांची संख्या आणि कनेक्टर बदललेला असू शकतो, म्हणून मॉडेलच्या नावावर पंखा न मागवता त्या क्रमांकावरच मागवा.

सायंतारा

साफसफाईच्या छायाचित्रांपैकी एकात तो क्रमांक स्पष्ट दिसतो आहे, तो उतरवून घेतला. पंखा येईपर्यंत कन्सोल उभाच ठेवणार आहे, आणि टेबलावर. कप्प्यात आता पुस्तके लावली आहेत.