मदत हवी आहे: वणव्याचा उपग्रह अलर्ट माळावरच्या माणसापर्यंत कसा पोचवायचा?

नमस्कार मंडळी. मी उत्तर सोलापूर तालुक्यात नान्नजच्या बाजूला राहतो. माळढोक अभयारण्याचं गवताळ रान आमच्या शिवाराला लागूनच आहे. उन्हाळ्यात कुसळी गवत इतकं कडक वाळतं की बिडीचं एक थोटूक पुरतं. त्यात वारा सुटला तर विचारूच नका.

नासाच्या फर्म्स साइटवर (उपग्रहाला दिसलेल्या आगी नकाशावर ठिपक्यांनी दाखवते) ईमेल अलर्ट लावलाय, फुकट आहे. उपग्रहावरच्या आग टिपणाऱ्या सेन्सरांपैकी व्हिअर्सचा ठिपका 375 मीटरचा, मोडिसचा 1 किलोमीटरचा. पण व्हिअर्सचे उपग्रह जातात दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास, आणि माहिती हातात यायला तीनेक तास. गवत थांबतंय होय तेवढं?

दुसरी डोकेदुखी पाचटाची. ऊसतोड झाली की कुणीतरी फड पेटवतंच, आणि नकाशावर तोही लालच ठिपका. चार वेळा उगाच धावलं की पाचव्यांदा गावातलं कुणी उठत नाही. क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये अभयारण्याची हद्द टाकून फक्त आतले आणि काठावरचे ठिपके निवडून घेणं कुणी केलंय का?

भारतीय वन सर्वेक्षणाचे एसएमएस अलर्ट कुणाला येतात का? गवताळ माळावर त्यांचा अनुभव कसा आहे?

आणि मुख्य म्हणजे, माळावर पहिल्यांदा धूर दिसतो तो मेंढपाळांना. त्यांच्याकडे बटणांचे फोन, व्हॉट्सअॅप नाही. अलर्ट आला की आपोआप मराठीत व्हॉइस कॉल जाईल असं काही स्वस्तात जमवता येईल का? वनविभागाचा 1926 नंबर सगळ्यांना दिलाय, तो सुचवू नका.