शेतात प्रीफॅब / मॉड्युलर घर: सोलापूरच्या उन्हात आणि काळ्या रानात टिकतं का? सल्ला हवाय

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. मोहोळ तालुक्यात शेती आहे, आई-दादा तिथंच राहतात. जुनं धाब्याचं घर दर पावसाळ्यात गळतंय आणि आता मागची भिंत फुगलीय. मी पुण्यात, मिस्त्री, वाळू, पाणी मारायला माणूस हे सगळं इथून बघणं होत नाही म्हणून फॅक्टरीत बनून येणारं घर बघायलालोय. साधारण ६०० स्क्वेअर फूट, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढं सोपा. एक जण पफ पॅनल म्हणतोय, दुसरा एलजीएसएफ, तिसरा कंटेनर, आणि तिघांचंही आमचंच बेस्ट. मे महिन्यात ४२-४३ ला जातं आपल्याकडं, त्यात म्हातारी माणसं राहतील का हीच काळजी आहे. कुणाला अनुभव?

बार्शीचा_साईटवाला:
आधी तिन्ही प्रकार समजून घ्या. पफ पॅनल म्हणजे दोन रंगीत पत्र्यांच्या मधे फोम, साईट ऑफिसला लावतात तेच, पण तिथं ५० एमएम चालतं, राहत्या घराला माझ्या मते भिंत ८० आणि छत १०० च्या खाली घेऊच नका, आणि फोमची डेन्सिटी ४० किलो प्रति घनमीटर कोटेशनमध्ये लिहून घ्या, कारण डोळ्याला फरक कळत नाही. फोम जळतो हेही लक्षात ठेवा, गॅसच्या मागची भिंत रॉकवूलची (दगडापासून केलेली, न जळणारी लोकर) किंवा सिमेंट बोर्डची पाहिजे.

एलजीएसएफ म्हणजे जस्त चढवलेल्या पातळ स्टील चॅनलचा सांगाडा, फॅक्टरीत मापात कापून येतो, साईटवर स्क्रूने जोडतात, बाहेरून फायबर सिमेंट बोर्ड, आतून बोर्ड, मधे रॉकवूल. ठोकलं तरी घरासारखं वाटतं, पत्र्यासारखं नाही. जस्त प्रति चौरस मीटर २७५ ग्रॅम आहे का विचारा. आणि साईटवर कुणी वेल्डिंग करायला लागला तर थांबवा, वेल्डिंगच्या जागी जस्त जळतं आणि गंज तिथूनच धरतो.

खरं मॉड्युलर म्हणजे अख्खी खोली वायरिंग-फरशीसकट ट्रेलरवर येते. रांचीच्या सरकारी लाइट हाऊस प्रोजेक्टमध्ये काँक्रीटच्या तयार खोल्या एकावर एक ठेवल्या. पण ट्रेलरवरच्या मालाला रुंदीची मर्यादा असते, म्हणून साध्या परवान्यात आठ-साडेआठ फुटाच्या वर खोली जात नाही, आणि तुमच्या पाणंदीतून ट्रेलर, क्रेन वळणार का, वर विजेच्या तारा किती खाली आहेत हे आधी बघा. कंटेनर तर बाहेरूनच ८ फूट रुंद, आतून इन्सुलेशन केल्यावर कॉट टाकली की संपलं. आई-दादांसाठी मी तरी कंटेनर सुचवणार नाही.

आता मुख्य गोष्ट. कंपनी घर देते, पाया तुमचा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, घर हलकं आहे म्हणून नुसत्या पीसीसीवर (बिनसळईच्या साध्या काँक्रीटवर) ठेवलं तर दोन पावसाळ्यात दारं अडकायला लागतात. जेसीबीनं खड्डा घेऊन बघा मुरूम किती खोल लागतोय, माती काढा, मुरूम थराथरानं दाबून भरा, मग प्लिंथ, म्हणजे जोतं. फारच खोल काळी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढं जाऊ नका.

अक्कलकोट_रोड_ताई:
आमचं पफचं आहे, सासूबाई आणि आम्ही राहतो म्हणून सांगते. दुपारी नुसत्या पत्र्यासारखं भाजत नाही पण चारही बाजूंनी ऊन लागलं की आत कोंडतं, आणि संध्याकाळी खिडक्या उघडल्या की लवकर गार होतं, सिमेंटचा स्लॅब रात्रभर तापलेला राहतो तसं नाही. फरक पडला तो वर दुसरं छत केल्यावर, मधे फूटभर मोकळी हवा. पश्चिमेला खिडकी ठेवू नका हो, पडवी त्या बाजूला काढा.

गळती आली ती स्क्रूच्या रबरी वॉशरमधून, उन्हानं रबर कडक होतं. त्यामुळं छताला उतार किती आणि गळतीची गॅरंटी किती वर्षं हे लेखी घ्या. गिझर, टीव्ही, भांड्यांची मांडणी कुठं येणार ते आधीच सांगा, भिंतीत आतून प्लाय किंवा पट्टी टाकून देतात, नंतर खिळा ठोकून काही धरत नाही. आणि घर सगळं लोखंडी, अर्थिंग आणि ईएलसीबीमध्ये (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) एक रुपया वाचवू नका.

सीनाकाठ:
ताई, दुसऱ्या छताचं कुणीच बोललं नव्हतं, खूप उपयोग झाला. दादा म्हणतात वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात तसं घर उडायचं. आणि एकानं सांगितलं हलवता येणारं घर आहे म्हणून परवानगी लागत नाही, खरंय का?

कागदपत्रवाला:
त्या बोलण्यावर जाऊ नका. पाया आहे, माणसं राहणार, म्हणजे ते बांधकामच. सातबारा घेऊन आधी ग्रामपंचायत आणि तहसीलला विचारा, घर झाल्यावर नमुना ८ ला, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, नोंद लावा. लोन घेणार असाल तर बुकिंगच्या आधी बँकेत जा, शेतजमिनीवरच्या प्रीफॅबला होम लोन सहजासहजी देत नाहीत, मंजूर प्लॅन मागतात.

पैसे टप्प्यानं द्या, माल निघण्याआधी फॅक्टरीत जाऊन बघा, शेवटचा हप्ता पाऊस पडून गेल्यावर. कोटेशनमध्ये जीएसटी, वाहतूक, क्रेन, सेप्टिक टँक धरलंय का बघा, रेटमधला निम्मा फरक तिथंच निघतो.

बार्शीचा_साईटवाला:
दादांची शंका बरोबर आहे. हलक्या घराला वारा वर उचलतो, म्हणून सांगाडा अँकर बोल्टनं प्लिंथला बांधलेला पाहिजे, ड्रॉइंगमध्ये बोल्ट किती आणि कुठं ते दिसलं पाहिजे. पण एक त्यांना नक्की सांगा, १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि धाब्याच्या मातीचं ओझं अंगावर येऊन माणसं गेली. नीट बांधलेलं हलकं घर त्या बाबतीत कितीतरी सुरक्षित, आणि फुगलेल्या भिंतीजवळ त्यांना आजपासून झोपू देऊ नका.

पाण्याची टाकी छतावर ठेवू नका. १००० लिटर म्हणजे एक टन, तिला बाजूला वेगळा स्टँड करा. सोलर बसवायचा असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे सांगाडा त्या हिशोबानं करतील. खड्डा घेतला की फोटो टाका इथं, मुरूम बघून सांगतो.