मदत हवी आहे: बुडालेल्या कंपनीचा रिडंडन्सी क्लेम अडकलाय (ब्रिटन)

नमस्कार मंडळी. नवऱ्याची इथली कंपनी दिवाळखोरीत गेली. ॲडमिनिस्ट्रेटरकडून (बुडालेल्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेला माणूस) सीएनने सुरू होणारा केस नंबर मिळाला त्याच रात्री आम्ही सरकारकडे ऑनलाइन क्लेम भरला: रिडंडन्सी (नोकरी गेल्याची भरपाई), थकलेला पगार, न घेतलेल्या रजेचे पैसे. साधारण ६ आठवडे लागतात म्हणे. हा अकरावा चालू आहे.

फोन केला की एकच उत्तर, "पडताळणी सुरू आहे." परवा कुठे खरं कारण कळलं. नोकरी लागल्याची आमची तारीख ॲडमिनिस्ट्रेटरच्या नोंदीशी जुळत नाही. मध्ये धंदा विकला गेला होता, त्यांनी तिथून मोजलंय! टीयूपीईनुसार (धंदा विकला गेला तरी कामगारांचे हक्क जपणारा नियम) आधीची नोकरीही धरायला हवी ना? वयाच्या ४१ नंतरच्या प्रत्येक वर्षाला दीड आठवड्याचा पगार, म्हणजे फरक किरकोळ नाही. (जुन्या पगाराच्या स्लिपा जपतो म्हणून मी त्याची टिंगल करायचे. आता तीच फाइल उशाशी घेऊन बसलेय.)

जुना करार आणि पी६० (वर्षाचा पगार नि कापलेला कर दाखवणारा कागद) आम्ही थेट पाठवले तर चालतात, की दुरुस्ती ॲडमिनिस्ट्रेटरनेच करायची? नोटीस न देता काढल्याच्या पैशांसाठीचा एलएन नंबरही आलेला नाही, तो यातच अडकलाय का? आणि खासदाराला लिहून कुणाचं काम हललंय का?