मदत हवी आहे: अमेरिकेत एक विषय सोडायचाय, आधी कुणाशी बोलू? आणि ते पुढे कुणाकुणाला कळेल?

निळी_शाई:

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसतं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

मी मराठवाड्यातली. गेल्या ऑगस्टमध्ये एमएससाठी अमेरिकेत आले, मिडवेस्टमधल्या एका राज्य विद्यापीठात. एफ-१, म्हणजे विद्यार्थी व्हिसा आहे आणि खर्च राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीतून (अनुसूचित जातीच्या मुलांसाठीची राज्य सरकारची) चाललाय. घरात पदवीपर्यंत पोचलेली मीच पहिली, त्यामुळे या गोष्टी विचाराव्यात असं घरी कुणी नाही.

हे दुसरं सेमेस्टर. तीन विषय, नऊ क्रेडिट. आमच्याकडे मास्टर्सला नऊ म्हणजेच पूर्ण भार. त्यातल्या एका विषयात चौघांचा प्रोजेक्ट आहे आणि त्या चौघांतल्या दोघी माझ्याच फ्लॅटमध्ये राहतात, दोघीही भारतातल्याच. जानेवारीत एकीने आडनावावरून चौकशी सुरू केली. मग शिष्यवृत्ती कुठली, आणि मग "म्हणजे कोट्यातूनच ना". त्यानंतर प्रोजेक्टचा नवा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला, त्यात मी नाही. मीटिंग होऊन गेल्यावर मला कळतं. मी स्वयंपाकघरात गेले की बोलणं थांबतं. बाहेरच्यांच्या बाबतीत मनाची तयारी करून आले होते, आपल्याच माणसांच्या बाबतीत नव्हती.

दीड महिना धड झोप नाही. पहाटे तीनला जाग येते, छाती धडधडत असते. गेले दोन आठवडे त्या वर्गाला गेलेलीच नाही. बाकीचे दोन विषय नीट चाललेत.

पोर्टलवर विषय दोन क्लिकमध्ये सोडता येतो. परवा रात्री बटणापर्यंत पोचले होते. तेवढ्यात एका सीनियरने ओरिएंटेशनला सांगितलेलं आठवलं, की काहीही सोडायच्या आधी विचार. पण कुणाला? वेबसाइटवर इंटरनॅशनल ऑफिस, कौन्सेलिंग सेंटर, डिसॅबिलिटी सर्व्हिसेस, मल्टिकल्चरल सेंटर, डीन ऑफ स्टुडंट्स, ओम्बड्स असं सगळं आहे आणि प्रत्येक पानावर "मदतीसाठी आमच्याकडे या" लिहिलंय. पहिलं दार कुठलं ठोठावू? आणि मला खरी भीती वेगळीच आहे. एका ठिकाणी सांगितलेलं कुठवर जातं? डिपार्टमेंटला कळेल? व्हिसाच्या नोंदीत जाईल? घरी फोन करतील?

घाटमाथा:

पोर्टलला आत्ता हात लावू नका. बाकी सगळं नंतर.

कारण सांगतो. एफ-१ वर प्रत्येक सेमेस्टरला पूर्ण भार ठेवावा लागतो. तो कमी करायचा असेल तर इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओची (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणारा अधिकारी) मंजुरी विषय सोडण्याच्या आधी लागते. आधी सोडला आणि मग सांगायला गेलात, तर कारण कितीही खरं असो, स्टेटस, म्हणजे इथे विद्यार्थी म्हणून राहण्याची कायदेशीर परवानगी, मोडल्यासारखं होतं. माझ्या रूममेटचं हेच झालं होतं. तो आजारी होता, कागदही होते, फक्त क्रम चुकला. पुढे रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे स्टेटस परत मिळवण्याचा अर्ज करण्यात त्याचे कित्येक महिने गेले.

नियमात आजारपणासाठी सोय आहे. तिला रिड्यूस्ड कोर्स लोड म्हणतात. एमडी, डीओ (ऑस्टिओपॅथीचे डॉक्टर) किंवा लायसन्स्ड क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्यापैकी कुणाचं तरी पत्र लागतं. एका पातळीच्या पदवीत, म्हणजे तुमच्या पूर्ण मास्टर्समध्ये, सगळं मिळून जास्तीत जास्त १२ महिने ही सवलत मिळते आणि दर सेमेस्टरला नव्याने मंजूर करून घ्यावी लागते. मंजुरी असेल तर कमी क्रेडिट असूनही स्टेटस शाबूत राहतं. अभ्यासातल्या अडचणीसाठीही एक वेगळी सवलत आहे: इंग्रजीची सुरुवातीची अडचण, इथल्या शिकवण्याच्या पद्धतीची सवय नसणं, किंवा चुकीच्या पातळीचा विषय पडणं. पण ती एका पातळीत एकदाच मिळते, तेव्हा तुमचं कारण तब्येतीचं असताना ती खर्चू नका.

आणखी एक. असिस्टंटशिप (विद्यापीठातलं पगारी काम) किंवा विद्यापीठाचा विमा पूर्ण भारावर अवलंबून आहे का, तेही त्याच भेटीत विचारा.

पाऊसवेडी:

निळी_शाई, व्हिसाचं मार्गी लागेल. पण दीड महिना झोप नाही हे ऐकून काळजी वाटली गं. कौन्सेलिंग सेंटरची वेळ आजच घे. सेमेस्टरच्या मध्यावर तिथे रांग असते, म्हणून फोनवर झोपेचं आणि धडधडीचं स्पष्ट सांग, म्हणजे लवकरची वेळ देतील. बहुतेक ठिकाणी सुरुवातीच्या काही भेटींचे वेगळे पैसे घेत नाहीत. आणि एखाद्या रात्री सहन होईनासं झालं तर ९८८ ला फोन किंवा मेसेज कर. अमेरिकेत कुठूनही लागतो, चोवीस तास.

शेवंती:

मी अशाच एका विद्यापीठात विद्यार्थी सेवांमध्ये बरीच वर्षं काम करते आहे. निळी_शाई, तुझा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे आणि तो फार कमी मुलं विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

कौन्सेलरला सांगितलेलं तिथेच राहतं. तुझ्या सहीशिवाय ते डिपार्टमेंटला, इंटरनॅशनल ऑफिसला किंवा घरी काहीही सांगू शकत नाहीत. जिवाला धोका, लहान मुलांवरचे अत्याचार, कोर्टाचा आदेश असे मोजकेच अपवाद आहेत आणि ते पहिल्या भेटीतच वाचून दाखवतात. तिथल्या नोंदी तुझ्या मार्कशीटच्या फाइलमध्ये जात नाहीत. आईवडिलांचं म्हणशील, तर १९७४ पासून इथे फर्पा नावाचा कायदा आहे. कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याची शैक्षणिक माहिती एरवी त्याच्या संमतीशिवाय पालकांनाही देत नाहीत. घरी फोन जाईल ही धास्ती मनातून काढून टाक.

इंटरनॅशनल ऑफिसचं तसं नाही. ती माणसं मदतीचीच असतात, पण सेव्हिसमध्ये, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदप्रणालीत, नोंद करणं हे त्यांचं काम आहे. तुझा भार कमी झाला, पत्ता बदलला, तर ते तिथे नोंदवावं लागतं. म्हणून त्यांच्याकडे डॉक्टरांचं पत्र घेऊन जा, सगळी हकीकत घेऊन जायची गरज नाही. आजाराची कहाणी त्यांना लागत नाही, शिफारस लागते.

प्राध्यापकांचं आणखी वेगळं. बऱ्याच विद्यापीठांत भेदभावाबद्दल कानावर आलं की त्यांना ते वरच्या ऑफिसला कळवावंच लागतं. ते तुझ्या बाजूने असले तरीही. तुला तक्रार करायची आहे की नाही हे ठरण्याआधी त्यांच्यापुढे सगळं बोललीस, तर तो निर्णय तुझ्या हातून निसटतो. ओम्बड्सकडे, म्हणजे तटस्थपणे सल्ला देणाऱ्या ऑफिसकडे, मात्र निर्धास्त जा. ते नाव लिहून ठेवत नाहीत, औपचारिक तक्रार घेत नाहीत, फक्त तुझ्यापुढे कुठले रस्ते आहेत ते दाखवतात.

म्हणून क्रम असा: कौन्सेलिंग, मग पत्र, मग डीएसओ, आणि पोर्टल सगळ्यात शेवटी, लागलंच तर. कदाचित विषय सोडावाही लागणार नाही. 'इन्कम्प्लीट' नावाची सोय असते: नोंदणी तशीच राहते, क्रेडिट भारात धरली जातात आणि उरलेलं काम पुढे ठरलेल्या मुदतीत करून द्यायचं. बहुतेक ठिकाणी त्यासाठी बरंचसं काम आधी झालेलं असावं लागतं, म्हणून उशीर करू नकोस.

निळी_शाई:

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवंतीताई, तुमचा प्रतिसाद तीनदा वाचला. घरी कळणार नाही, एवढ्यानेच जरा मोकळं वाटलं.

दोन गोष्टी अजून विचारते. डिसॅबिलिटी सर्व्हिसेस माझ्यासाठी आहे का? तो शब्द स्वतःला लावून घ्यायला जड जातंय. आणि त्या दोघींचं. मला कुणाला शिक्षा वगैरे करायची नाही. दुसरा गट मिळाला तरी पुरे. पण जात म्हणजे काय हेच समोरच्या गोऱ्या ऑफिसरला समजावत बसावं लागेल, या विचारानेच दमायला होतं.

जुना_कंदील:

जातीबद्दल मी बोलतो, मीही त्यातून गेलोय.

आता निदान तो शब्द तिथे अगदीच अनोळखी राहिलेला नाही. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जात घातली. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सगळ्या, तेव्हाच्या २३, कॅम्पससाठी तेच केलं. हे विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलं म्हणून झालं. सगळीकडे तसं नाही. त्याच राज्यात विधिमंडळाने मंजूर केलेलं विधेयक ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी नाकारलं. तुमच्या विद्यापीठाचं धोरण उघडून 'कास्ट' शब्द शोधा. नसेल तर वंश, पूर्वज, राष्ट्रीय मूळ हे शब्द बघा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणात वंश, वर्ण आणि राष्ट्रीय मूळ यावरून भेदभावाला मनाई आहे, आणि सरकारी अनुदान घेणाऱ्या विद्यापीठांना तो लागू होतो. जातीचा उल्लेख नसला तरी अशा तक्रारी याच शब्दांखाली मांडल्या जातात.

तक्रार करायची की नाही, हे आत्ता ठरवायची घाई नाही. पण तारखा आजच लिहून ठेवा. कोण, कधी, काय म्हणालं, कुठली मीटिंग तुम्हाला न सांगता झाली. मेसेजचे स्क्रीनशॉट विद्यापीठाच्या नव्हे, स्वतःच्या ईमेलवर ठेवा. मी हे केलं नव्हतं. सहा महिन्यांनी माझ्या हातात फक्त माझं म्हणणं उरलं.

गट बदलायला जात काढावीच लागते असं नाही. "गटात मला कामाची माहिती मिळत नाही, मला दुसरा गट किंवा स्वतंत्र प्रोजेक्ट मिळेल का" एवढ्या दोन ओळी प्राध्यापकांना लिहा. खरंच आहे ते.

शेवंती:

जुना_कंदील यांच्याशी पूर्ण सहमत.

डिसॅबिलिटीबद्दल: १९७३ च्या पुनर्वसन कायद्याच्या कलम ५०४ मध्ये आणि १९९० च्या एडीए या अपंगत्वविषयक कायद्यात, रोजच्या जगण्यात मोठा अडथळा आणणारे मानसिक आजारही येतात. मुदत वाढवून मिळणं, परीक्षेला जास्त वेळ, हजेरीत सूट अशा गोष्टी ते करून देतात. प्राध्यापकांकडे पत्र जातं त्यात फक्त सवलत लिहिलेली असते, आजाराचं नाव नसतं. व्हिसाशी त्याचा काही संबंध नाही. आमच्याकडे येणाऱ्या भारतीय मुलांतली बरीचशी शेवटच्या महिन्यात येतात, आणि सवलत मागच्या तारखेपासून सहसा मिळत नाही. शब्द जड वाटतो हे मला कळतं गं, पण दार तुझ्यासाठीही आहे.

निळी_शाई:

नऊ दिवसांनी लिहितेय. आधी सांगते, झोप थोडी लागायला लागलीय.

कौन्सेलिंगला तिसऱ्या दिवशी वेळ मिळाली. कौन्सेलर मूळच्या केनियाच्या. जात समजावण्याची तयारी करून गेले होते, त्यांनी फक्त विचारलं, "घरात तुला कुठल्या खोलीत सुरक्षित वाटतं?" मला उत्तर देता आलं नाही. तिथेच रडले. त्यांनी हेल्थ सेंटरच्या डॉक्टरांकडे पाठवलं, पत्र मिळालं. डीएसओने पत्र वाचलं, बाकी काहीच विचारलं नाही आणि म्हणाली की मंजुरी देता येईल, पण आधी गट बदलतोय का बघ. प्राध्यापकांना त्या दोन ओळी पाठवल्या. एका तासात उत्तर आलं: स्वतंत्र प्रोजेक्ट कर, मुदत दोन आठवडे पुढे. म्हणजे तूर्तास विषय सुटत नाहीये.

घर बदलायचं बाकी आहे. लीज जुलैपर्यंत आहे. डीन ऑफ स्टुडंट्सच्या ऑफिसात तात्पुरत्या खोलीची सोय असते असं कळलं, सोमवारी दहाला जातेय. तारखांची वही केलीय. तक्रारीचं अजून ठरलेलं नाही.

एकच राहिलं. शिष्यवृत्तीच्या लोकांना यातलं काही कळवायला हवं का?

घाटमाथा:

भार कमी झालेला नाही आणि पदवीची तारीखही बदललेली नाही, तोवर कळवण्यासारखं काही नाही. नेहमीप्रमाणे सेमेस्टरचा निकाल पाठवा. पुढे कधी रिड्यूस्ड लोड घ्यावाच लागला आणि शिक्षण लांबणार असं दिसलं, तर पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयाला आधी लेखी कळवा, सोबत डीएसओचं पत्र जोडा आणि पोच जपून ठेवा.

आणि नव्या खोलीत गेलात की दहा दिवसांच्या आत इंटरनॅशनल ऑफिसला नवा पत्ता कळवा.